दीड फुटाचा बोळ

नागोराव ओव्हाळ पंचवीस वर्षं वाळूची गावं बांधत होते आणि बांधून झाली की स्वतःच्या हातांनी मोडत होते. घरी आणि गल्लीत मात्र ते माळी होते. तसं सांगायचा हुकूम होता आणि त्या हुकमावर त्यांची सही होती. सही एकदा केली म्हणजे केली, असा त्यांचा हिशेब.

खडकवासल्याच्या रस्त्याला डाव्या हाताला एक लोखंडी फाटक होतं. फलकावर 'भूमापन प्रशिक्षण कार्यशाळा' असं लिहिलेलं. आत भूमापन कोणी शिकत नसे. सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात नव्याने भरती झालेली मुलं तिथे तयार होत. माणसावर नजर कशी ठेवायची, गर्दीत तो हरवला तर परत कसा गाठायचा, पाहिलेलं चार ओळींत कसं लिहायचं, हे त्यांना शिकवत. शेवटी त्यांना एखाद्या वस्तीची पूर्ण माहिती देत. कोणती वाट कुठे निघते, कोणत्या घराला किती दारं, कोणी कुठे उभं राहायचं. ती वस्ती डोळ्यांसमोर असावी म्हणून एका मोठ्या टेबलावर ती वाळूत उभी करत. ती उभी करण्याचं काम नागोरावांचं.

टेबल बारा फूट लांब, आठ फूट रुंद, कडेला वीतभर उंच फळ्या. जमिनीवरच्या शंभर फुटांना टेबलावर एक फूट. नदीची वाळू नागोराव तीनदा चाळत. दोनदा पुरतं, असं मागचा मजूर सांगून गेला होता. नागोरावांना ते पटलं नाही. दोनदा चाळलेल्या वाळूत खडा राहतो, खडा राहिला की उतार मोडतो. मग पाणी शिंपडायचं. मूठ वळली की गोळा राहावा, बोट लावलं की फुटावा, इतकंच. घरं खोक्यांच्या लाकडाची, एका मजल्याला सव्वा इंच. पायऱ्या पुठ्ठ्याच्या. विजेचे खांब अगरबत्तीच्या काड्यांचे. झाडं सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवलेली. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका सुताराच्या हाताखाली आठ वर्षं काढली होती, तेवढंच शिक्षण. छप्पन साली वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा नागोराव दहा वर्षांचे होते. "हाताला काम आणि कामाला चोख," एवढंच वडील सांगत. मुलाने ते शब्दशः घेतलं.

मापं चिठ्ठ्यांवर येत. तुकडीतली मुलं प्रत्यक्ष जाऊन मोजून आणत, पण चिठ्ठीवर गावाचं नाव नसे, रस्त्याचं नसे. घरांना फक्त आकडे. उत्तर दिशासुद्धा मुद्दाम फिरवून दिलेली असे. चिठ्ठ्या चार दिवसांत तुकड्यातुकड्यांनी येत आणि काम झालं की जाळायच्या. कारण एकच. बांधणाऱ्याला जागा ओळखता येता कामा नये. त्याने शिकाऊ मुलांच्या तोंडाकडेही बघायचं नाही. नागोराव बघत नसत. त्यांना मुलांचे बूट ओळखू येत, चेहरे नाही. टेबल सरावाचं आहे की खऱ्या कारवाईचं, हेही त्यांना कोणी सांगत नसे.

मुख्य शिक्षक होते दिगंबर आगाशे. नारायण पेठेतला माणूस, बोलणं मोजकं आणि तिरकस. पण दर तुकडीला वस्तीची माहिती द्यायला उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. दाराबाहेर बसलेल्या नागोरावांना ते ऐकू येई. "या टेबलावर जे आहे ते तिथे आहे. जे नाही ते तिथे नाही. शंका घ्यायची असेल तर माझ्यावर घ्या, वाळूवर नको."

एकदाच घात झाला होता. अठ्ठ्याऐंशी साली एका चिठ्ठीत कठडा नसलेली विहीर नोंदवायची राहिली. टेबलावर विहीर नव्हती. खऱ्या कारवाईवर गेलेला एक माणूस अंधारात तिच्यात पडला आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन आला. चूक चिठ्ठीची होती, नागोरावांची नव्हती. तरी दिगंबर साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "नागोराव, अंदाज चुकलेला माणूस आधी हात उचलतो आणि मग डोळे उघडतो. तुमच्या वाळूवर माणसांचे जीव असतात." ते वाक्य नागोरावांच्या मनात रुतून बसलं.

सन दोन हजारच्या ऑक्टोबरात नव्या तुकडीसाठी टेबल लावायचा निरोप आला.

त्या दिवसांत नागोरावांच्या घरात वेगळीच ताणाताण चालली होती. मुलगा रोहन तेवीस वर्षांचा. संगणकाचा डिप्लोमा करून लोकांच्या घरी जाऊन संगणक दुरुस्त करायचा. जुलैत त्याला एका कंपनीचं पत्र आलं. अमेरिकेत दोन वर्षांचं काम. ओव्हाळांच्या सात पिढ्यांत कोणी मुंबईच्या पुढे गेलं नव्हतं. कंपनीची अट एकच, एकतीस ऑक्टोबरपर्यंत पासपोर्ट हजर करा, नाहीतर पुढच्या माणसाला बोलावू. अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेला होता. बरोबर अर्ज केलेल्या मुलांचे पासपोर्ट येऊनही गेले. रोहनचा अडकला. पोलीस चौकीवर विचारलं की उत्तर एकच, "वरून आलं नाही."

"वर म्हणजे कुठं?" रोहनची आई शालनबाई विचारायच्या. त्या लोणीकडच्या, बोलणं सरळ. "वर काय देव बसलाय का? अहो, तुमच्या हापिसात कोणी साहेब नाय का ओळखीचा?"

"मी माळी आहे," नागोराव म्हणायचे.

टेबलाचं काम सोमवारी सुरू झालं. पहिल्या दिवशी रस्ते आले. एक मोठा हमरस्ता, त्याला काटकोनात एक गल्ली, गल्लीला मध्यावर एक वळण. दुसऱ्या दिवशी घरांच्या रांगा, एक पांढरी सार्वजनिक इमारत, कोपऱ्यावर नळ, पलीकडे विजेचं रोहित्र. नागोरावांनी कोळशाच्या भुकटीने रस्ता काळा केला, दोरी ताणून कडा सरळ केल्या. पुण्याच्या आसपास अशा पन्नास गल्ल्या असतील. त्यांनी विचार केला नाही. विचार करायचा नाही, हे अंगवळणी पडलं होतं.

बुधवारी सकाळी तिसरी चिठ्ठी आली. आणणारा मुलगा तुकडीतला हुशार समजला जायचा. नाव केयूर, बूट पांढरे, नवे.

"मामा, ही नऊ नंबरच्या घराची. हे घर एकदम डिटेलमध्ये करा हं. मेन टार्गेट हेच आहे."

नागोरावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. 'घर क्र. ९. पत्र्याचं छप्पर, त्यावर सिमेंटची टाकी. दार निळं. पायऱ्या तीन. तिसरी पायरी अर्धी, डावीकडून कापलेली.'

त्यांनी पुठ्ठा घेतला. तीन पट्ट्या कापल्या. तिसरी डावीकडून अर्धी कापली, दाराला चिकटवली आणि बोट तिथेच राहिलं.

तिसरी पायरी डावीकडून अर्धी. त्र्याण्णव साली महानगरपालिकेच्या नळाची पाइप आत घ्यायला त्यांनी स्वतः छिन्नीने ती पायरी कापली होती. दोन रविवार लागले होते. पुढे महिनाभर शालनबाई तिथे अडखळत होत्या आणि अडखळल्या की नवऱ्याच्या कारागिरीचा उद्धार करत होत्या.

नागोरावांनी मान वर करून पूर्ण टेबलाकडे पाहिलं. तिरकी करून दिलेली उत्तर त्यांनी डोळ्यांनी सरळ केली. हमरस्ता म्हणजे सोलापूर रस्ता. पांढरी इमारत म्हणजे बुद्धविहार. त्याच्या चुन्याचं काम गेल्या वैशाखात त्यांनीच केलं होतं. कोपऱ्यावरचा नळ. रोहित्राची जाळी. गल्लीतलं वळण, जिथे रोज संध्याकाळी ते कुल्फीवाल्याची हातगाडी चुकवत.

तीन दिवस ते स्वतःची गल्ली बांधत होते.

ते टेबलाच्या कडेवर हात टेकून उभे राहिले. ओली वाळू मुठीत होती, ती कधी गळून गेली ते कळलं नाही. माणसाला आरशात आपलं तोंड दिसावं आणि त्याच्या कपाळावर कोणीतरी नेम धरलेला असावा, तसं काहीतरी झालं.

"मामा, ही लाल टाचणी," केयूर म्हणाला. "नऊवर लावा."

त्यांनी ती घेतली आणि आपल्या घराच्या छपरावर टोचली. हात पंचवीस वर्षं हेच करत आले होते.

त्या संध्याकाळी दोन बस बदलून ते घरी आले. पायऱ्यांपाशी थांबले. अर्ध्या पायरीकडे बघत राहिले.

"काय हरवलं?" शालनबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही."

जेवताना त्यांनी रोहनला विचारलं. विचारायचं कसं, ते बसमध्ये दीड तास जुळवत होते. तरी वाकडंच निघालं.

"तुझं कोणाशी काही आहे का?"

"म्हणजे?"

"भांडण. भानगड. कुणाचं काही काम घेतलंयस का, करू नये असं?"

"भांडण आहे ना. मॉनिटरशी. रोज."

"मी नीट विचारतोय."

रोहनने भाकरी खाली ठेवली. "पप्पा, पासपोर्टसाठी पोलिसांनी जे विचारायला पाहिजे ते तुम्ही विचारताय. तुम्ही त्यांच्याकडेच नोकरीला लागा. माझं काम तरी होईल."

शालनबाई हसल्या. नागोरावांनी तांब्या तोंडाला लावला.

"मंगळवारी नि शुक्रवारी जातोय कुठं, तेवढं इचारा त्याला," शालनबाई म्हणाल्या. "चांगला शर्ट घालून."

"नारायण पेठेत एक आजी आहेत, कुसुमताई. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. त्यांना ई-मेल शिकवतो. किती वेळा सांगू?"

"आजीच हाय ना? नात नाय ना?"

"आई!"

नागोराव मुलाकडे बघत होते. हा त्यांचा मुलगा होता. ह्याच्या हाताला सोल्डरिंगचे चटके होते, खिशात स्क्रू होते. लाल टाचणी ज्यांच्या घरावर लागायची ती माणसं कशी असतात, हे नागोरावांना माहीत नव्हतं. त्यांनी तशी घरंच बांधली होती, माणसं कधी पाहिली नव्हती. कदाचित ती अशीच असतील. भाकरी खाणारी, आईवर खेकसणारी. सांगावं तर सही आडवी येत होती. न सांगावं तर शुक्रवारी सकाळी त्या टेबलाभोवती वीस माणसं उभी राहणार होती.

गुरुवारी शेवटची चिठ्ठी आली. घराच्या बाजूंची. 'घर क्र. ९ व १०, सामाईक भिंत. मधून वाट नाही.'

वाट होती.

त्यांचं घर आणि शेजारचं घर यांच्यात दीड फुटाचा बोळ होता. पुढून तो दिसत नसे, कारण कुत्री शिरू नयेत म्हणून तोंडाशी पत्रा लावलेला होता, दोन खिळ्यांवर. पत्रा सरकवला की आडवं होऊन माणूस मागे मोरीपर्यंत जाई आणि तिथून कालव्याच्या कडेला. रोहन लहानपणी शाळेला उशीर झाला की तिथूनच पळायचा. कोणी दारात आलं तर आजही तिथूनच पळेल.

नागोराव स्टुलावर बसले. समोर नऊ आणि दहा, लाकडाचे दोन ठोकळे, एकमेकांना चिकटलेले. चिठ्ठीत वाट नाही, टेबलावर वाट नाही. त्यांनी काहीही करायचं नव्हतं. काही न करणं म्हणजेच मुलाला एक वाट मोकळी ठेवणं. पंचवीस वर्षांत इतकं सोपं काम त्यांना मिळालं नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती अठ्ठ्याऐंशीची विहीर येत होती. माणसं दारात उभी राहणार. मागे वाट नाही असं धरून चालणार. आणि एकदम बाजूच्या पत्र्यामागून कोणीतरी धावत सुटणार. अंदाज चुकलेला माणूस आधी हात उचलतो. हातात काय असेल, सांगता येत नाही. आणि धावणारा त्यांचा रोहन असेल.

बोळ दाखवला तर मुलगा पकडला जाईल. नाही दाखवला तर मारला जाईल. पकडलेला मुलगा चौकीतून सोडवून आणता येतो.

त्यांनी दहा नंबरचा ठोकळा उचलला. दीड फूट म्हणजे टेबलावर पाव इंचाला थोडं कमी. बारीक करवतीने बाजू उतरवली, कानस मारली, परत ठेवली. मध्ये काड्यापेटीतली काडी घालून पाहिली. मग दुसऱ्या टोकाला घालून पाहिली. बोळ दोन्हीकडे सारखा होता. चीर बुजू नये म्हणून आतली वाळू त्यांनी रंगाच्या ब्रशने झाडून काढली. हे सगळं करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाळूवर पडू नये म्हणून ते मधूनमधून मागे सरत होते. वाळूवर थेंब पडला की खड्डा पडतो.

शुक्रवारी सकाळी नऊला दिगंबर साहेब तपासायला आले. बरोबर केयूर, हातात चिठ्ठ्यांची यादी. साहेब नेहमीप्रमाणे टेबलाभोवती एक फेरी मारून थांबले आणि खाली वाकले.

"नागोराव, नऊ आणि दहाच्या मध्ये ही चीर कसली?"

"बोळ आहे साहेब."

"चिठ्ठीत बोळ नाही."

"सर, दोन्ही घरं जॉइंट आहेत," केयूर म्हणाला. "मी स्वतः तीनदा चेक केलंय. मामांची करवत घसरली असेल."

पंचवीस वर्षांत त्या खोलीत असं कोणी बोललं नव्हतं. नागोरावांनी सगळं गिळलं असतं. हे गिळता आलं नाही.

"माझी करवत घसरत नाही," ते म्हणाले. "तुम्ही पुढून पाहिलंत. पुढे पत्रा ठोकलेला आहे. तो सरकवा, आत दीड फूट जागा आहे. मागे माझी मोरी आहे."

बोलून झालं आणि मग त्यांनी स्वतःचे शब्द ऐकले.

दिगंबर साहेबांनी चष्मा काढला.

"कोणाची मोरी?"

"माझी, साहेब. नऊ नंबर माझं घर आहे."

"तुम्ही मुंढव्याला राहता."

"एक्क्याऐंशीला सोडलं साहेब. भाड्याचं होतं. पत्ता बदलायचा अर्ज दिला होता. दोनदा."

दिगंबर साहेब खुर्चीवर बसले. साध्या दिवशी ते चटकन काहीतरी टोचून बोलले असते. अख्ख्या पुण्यात कोण कुठे राहतं हे शोधायला मुलं तयार करणारं ते केंद्र, आणि आपला माणूस कुठे राहतो हे एकोणीस वर्षं त्याला ठाऊक नव्हतं.

"साहेब," नागोरावांनी विचारलं, "माझ्या मुलाने काय केलंय?"

"काही नाही. अहो, काहीच नाही. हा सराव आहे. तुकडीने शहरातलं कुठलंही एक घर निवडायचं आणि तीन महिने त्यावर नजर ठेवायची. शेवटी माहिती द्यायची, संपलं. आत कोणी जात नाही. कोणी कोणाला धरत नाही."

"माझ्या पोराला माहीत आहे का, हा सराव आहे म्हणून?"

साहेबांनी केयूरकडे हात केला आणि फाइल मागितली. केयूरने ती दिली. साहेब वाचू लागले आणि एका पानावर थांबले. मग फाइल त्यांनी केयूरकडेच परत दिली.

"वाचा. मोठ्याने."

"सर, मी..."

"लिहिताना लाज वाटली नाही. वाचताना कशाला?"

केयूरने वाचलं. "'वडील. वय अंदाजे साठ. व्यवसाय माळी. सायंकाळी सात दहाला परततात. किंचित वाकून चालतात. दखल घेण्याजोगं काही नाही.'"

नागोरावांनी मान वर केली आणि त्या मुलाच्या तोंडाकडे पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं आणि ओळखलं. गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीजवळ स्कूटरला टेकून उभा असायचा तो हाच. एकदा ह्याने हाक मारून विचारलं होतं, "काका, किती वाजले?" आणि नागोरावांनी थांबून घड्याळ दाखवलं होतं.

केयूरही त्यांच्याकडे बघत होता. तीन महिने तो ह्या माणसाला रोज सकाळी इथे वाळू चाळताना बघत होता आणि संध्याकाळी तिथे घरी येताना टिपत होता. एकच माणूस आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. नजर ठेवायला शिकलेल्या वीस जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"पुढे," साहेब म्हणाले.

"'मुलगा. मंगळवार व शुक्रवार नारायण पेठेत एका घरी जातो, फ्लॉपी नेतो-आणतो. पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. परदेशी जाण्याची घाई दिसते. हेतू तपासावा.'"

"हे कुठे गेलं?" नागोरावांनी विचारलं.

"कुठे नाही. सिस्टिममध्ये टाकलं फक्त."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"सराव असं लिहून टाकलं?"

केयूर अडखळला. "कागदावर लाल शिक्का असतो ना, सरावाचा. कॉम्प्युटरवर तसा कॉलम नव्हता."

दिगंबर साहेबांनी भिंतीजवळचा फोन उचलला. शहरातल्या त्यांच्या खात्याच्या कचेरीत कोणाशी तरी बोलले. ते कमी बोलले, ऐकत जास्त राहिले. मग फोन ठेवला.

"नोंद खरी समजली गेली," ते म्हणाले. "पासपोर्ट त्यावरच थांबलाय." मग केयूरकडे वळून, अगदी शांतपणे, "उत्तम. शत्रूला खर्च करून जे जमलं नसतं ते आपण सरकारी पगारात जमवलंत. बाहेर उभे राहा."

केयूर गेला. नागोराव उभेच होते. त्यांना राग यायला हवा होता, पण राग येत नव्हता. घरच्या सगळ्या विनवण्या, चौकीवरचे हेलपाटे, रोहनने रात्रीचं जेवण सोडलं होतं ते आठ दिवस, ज्या 'वर'ची शालन चौकशी करत होती ते वर, ते इथे होतं. नागोराव रोज डबा घेऊन तिथेच येत होते.

"बसा," साहेब म्हणाले.

"आज किती तारीख आहे साहेब?"

"वीस."

"एकतीसला पासपोर्ट लागतो."

"नोंद मागे घ्यायचे दोन रस्ते आहेत. यंत्राची चूक म्हणून लिहिलं तर चौकशी दिल्लीला जाईल. दोन महिने, कदाचित चार. दुसरा म्हणजे, तुम्ही लिहून द्यायचं की हा माझा मुलगा आणि हे माझं घर. खात्यातल्या पारखलेल्या माणसाचं घर म्हटल्यावर मी ती नोंद आजच्या आज रद्द करू शकतो. पण मग जागा तुम्ही ओळखलीत हेही त्यातच लिहिलं जातं. आणि ज्याने जागा ओळखली तो या खोलीत परत पाऊल टाकू शकत नाही. नियम माझा नाही. तुमची अजून सहा वर्षं आहेत, नागोराव. भांडारात झाडू आणि फिनेल मोजत काढाल."

"कागद द्या."

"विचार करा."

"कागद द्या साहेब."

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. अक्षर जाड आणि सावकाश. पत्ता लिहिला, पूर्ण, विहाराच्या खुणेसकट. शेवटी थोडं थांबले आणि एक ओळ वाढवली. 'घर क्र. ९ व १० यांच्यामध्ये दीड फूट बोळ आहे. चिठ्ठीत नोंद नाही.' मग सही केली.

साहेबांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचे डोळे थांबले. "हे कशाला? कोणाला हवंय हे आता?"

"आहे ते आहे," नागोराव म्हणाले.

पासपोर्ट अठ्ठावीस तारखेला आला. रोहन गल्लीतून ओरडत आला. शालनबाईंनी पेढे आणले, विहारात जाऊन मेणबत्ती लावली. "कुसुमताईंच्या जावयाने फोन केला असणार," रोहन म्हणाला. "ते मोठ्या पोस्टवर आहेत."

"बघा," शालनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "वळख लागती माणसाला. तुम्ही घाला झाडांना पाणी."

नागोरावांनी पेढा तोंडात टाकला. तो त्यांना बराच वेळ चघळावा लागला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मुंबईला जायची गाडी हमरस्त्यावर येऊन उभी राहिली. सगळी गल्ली जमली होती. बायका शालनबाईंना धरून होत्या, रोहन एकेकाच्या पाया पडत होता. वडिलांच्या पाया पडायला तो वळला तर ते जागेवर नव्हते.

नागोराव रस्त्यापलीकडे गेले होते. औषधाच्या दुकानाबाहेर एक तरुण उभा होता, टपरीजवळ केयूर उभा असायचा तसाच, गाडीकडे बघत. नागोराव त्याच्या पुढ्यात जाऊन थांबले आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले.

"काय झालं काका?"

"कोणाकडे आलात आपण?"

"मेडिकलमध्ये. आईचं औषध घ्यायला."

"बघू."

तरुणाने गोंधळून पिशवी उघडून दाखवली. आत गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, बिल होतं. नागोरावांनी बिल वाचलं, तारीख पाहिली, परत दिलं. तरी ते बाजूला झाले नाहीत. रस्त्यापलीकडून "पप्पा! अहो पप्पा!" अशी हाक आली. त्यांनी हात वर केला, निघ म्हणून, पण पाठ वळवली नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, बायकांचं रडणं आलं, मग फक्त रहदारी राहिली. तोपर्यंत ते त्या अनोळखी मुलाला पाठीमागचा रस्ता दिसू नये इतके जवळ, त्याच्या समोर उभे होते.